सतरा दिवसांचा कागद

जून २०२३ मधला एक सोमवार. लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात आमचं ऑफिस होतं. दारावरच्या यंत्राला कार्ड टेकवलं आणि हिरव्याऐवजी लाल दिवा लागला. पुन्हा टेकवलं, पुन्हा लाल. मागे रांग लागली होती म्हणून बाजूला झालो. सुरक्षारक्षक रोज 'गुड मॉर्निंग सर' म्हणायचा. त्या दिवशी त्याने रजिस्टर पुढे सरकवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "व्हिजिटरच्या पानावर नाव लिहा." आत वीस मिनिटांत सगळं उरकलं. आमच्या विभागातल्या अकरा जणांचं काम संपलं होतं. दोन महिन्यांचा पगार, एक पत्र, आणि ड्रॉवरमधलं सामान भरायला कागदी पिशवी. कार्ड तिथेच ठेवून घेतलं.

पाच वर्षं ते कार्ड माझ्या गळ्यात होतं. लोकलमध्येही मी ते काढत नसे. डोंबिवलीहून परळपर्यंत उभ्याने येताना समोरच्याच्या गळ्यातही तसंच काहीतरी असायचं, आणि आम्ही एकमेकांच्या चेहऱ्याआधी पट्टीचा रंग बघायचो. 'कुठल्या कंपनीत?' हा या शहरातला पहिला प्रश्न. त्याचं उत्तर माझ्या छातीवर लटकत होतं, त्यामुळे दुसरं उत्तर शोधायची वेळ कधी आलीच नव्हती.

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतला. देवरुखला बी.कॉम. केलं आणि २०१८ साली मुंबईला आलो. विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तपासून माहिती भरायचं काम. डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये आम्ही पाच जण. पाच जणांचे पाच जिल्हे, पाच पाळ्या. एकाचं लग्न ठरल्याचं मला त्याच्या स्टेटसवरून कळलं होतं, यावरून आमचं एकत्र राहणं कसं होतं ते समजेल. कुणी वाईट नव्हतं. फक्त कुणाला कुणाबद्दल विचारायची सवय उरली नव्हती.

आणखी एक गोष्ट मी हळूहळू करत गेलो होतो, आणि ती करतोय हे मला कळलंही नव्हतं. आमच्याकडे 'पाणी'ला 'पानी' म्हणतात, 'बाळा'ला 'बाला' म्हणतात. पहिल्या वर्षी मी ते सुधारलं. दुसऱ्या वर्षी 'गाव कुठलं' विचारलं की वाडीचं नाव सांगणं सोडलं, नुसतं 'रत्नागिरी' म्हणू लागलो. चौथ्या वर्षी एका नव्या मुलीला 'मी मुंबईचाच' असं सांगितलं. खोटं बोलतोय असं तेव्हा वाटलं नाही, हे आज मला जास्त टोचतं.

नोकरी गेल्याचं मी कुणालाच सांगितलं नाही. रोज त्याच वेळी निघायचो, तीच लोकल पकडायचो. पास संपला तेव्हा नवा काढला. दादरला उतरून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसायचो, पाऊस असला की स्टेशनात. अर्ज पाठवायचो. चार मुलाखती झाल्या. प्रत्येक ठिकाणी पहिलं वाक्य एकच, 'स्वतःबद्दल सांगा.' मी पाठ केलेलं बोलायचो, आणि बोलता बोलता वाटायचं की हा कोण माणूस आहे ज्याबद्दल मी सांगतोय? एकदा तर मध्येच थांबलो. समोरच्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. ती नोकरी मिळाली नाही.

गणपतीच्या तोंडावर बाबांचा फोन आला. बाबा फोनवर कामापुरतंच बोलतात. "म्हाडानं कागद मागवलेत. गिरणीच्या घराचे. गावाला येशील तेव्हा ट्रंक उघडूया. तुला त्यातलं कळतं."

मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. आजोबा परळ-लालबाग भागातल्या एका गिरणीत होते एवढं माहीत होतं. (प्रकरण अजून सुरू असल्यामुळे गिरणीचं नाव इथे लिहीत नाही.) मी तीन वर्षांचा असताना, १९९९ साली ते गेले. घरात त्यांच्याबद्दल एक वाक्य कायम कानावर पडायचं, 'ते संपात गेले.' लहानपणी मला वाटायचं ते संपातच वारले. संप म्हणजे एखादी साथ असावी, पटकीसारखी, असं मी पाचवीपर्यंत धरून चाललो होतो.

मुंबईतल्या गिरणी कामगारांना गिरण्यांच्या जमिनीवर घरं देण्याची योजना बरीच जुनी. दीड लाखाहून जास्त कामगारांचे आणि वारसांचे अर्ज तेव्हा म्हाडाकडे पडून होते. बाबांनीही पूर्वी कधीतरी गावातल्या चार जणांबरोबर अर्ज भरला होता आणि ते विसरले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये या सगळ्या अर्जदारांची पात्रता ठरवण्यासाठी कागदपत्रं जमा करून घ्यायची मोहीम सुरू झाली. ऑनलाइन भरायची सोय होती, शिवाय वांद्रे पूर्वेच्या समाज मंदिर सभागृहात प्रत्यक्ष नेऊन द्यायचीही. कामगार १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असला पाहिजे, ही मुख्य अट.

डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. आमचे आजोबा संपानंतर पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. म्हणजे आमच्यासाठी प्रश्न एवढाच उरत होता: १ जानेवारी ते १७ जानेवारी. या सतरा दिवसांत हा माणूस कामावर होता, हे दाखवायचं.

गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. हिरवी, पत्र्याची, कोपऱ्यात गंजलेली. आत वरच्या थराला शेतसाऱ्याच्या पावत्या, त्याखाली आजीचं इरकल, एक भजनाची वही, पितळी कडीचा डबा. डब्यात सुपारी कातरायचा अडकित्ता आणि त्याखाली चौघडी केलेला कागद. बाबांनी तो उलगडला नाही, माझ्या हातात दिला. पगाराची चिठ्ठी होती. शाई फिकट, पण वाचता येत होती. महिना: डिसेंबर १९८१.

एक महिना आधीची! मी ती चिठ्ठी उजेडात धरून दोनदा वाचली, जणू महिना बदलणार होता. बाबा म्हणाले, "अजून बघ." तळाला, वर्तमानपत्राच्या कागदाखाली, तिकीट सापडलं. जाड पुठ्ठ्याचं कार्ड, कडा हाताळून गुळगुळीत झालेल्या. तिकीट नंबर, खातं, पाळी. गिरणीत माणसाची ओळख नंबरावर चालायची, हे बाबांनी तेव्हा सांगितलं. नंबर पुकारला की उठायचं. मी ते कार्ड तळहातावर घेतलं. माझं कार्ड जेवढं होतं जवळजवळ तेवढंच. आजोबांच्या कार्डाला कुणी लाल दिवा लावला नव्हता, पण ते दार बंद झालं ते झालंच. हे मी बाबांना बोलून दाखवलं नाही. माझी नोकरी गेलीय हे त्यांना माहीत नव्हतं.

पण तिकिटावर एक मोठी अडचण होती. त्यावर आजोबांचं नाव आणि पणजोबांचं नाव, बस. आडनावच नाही. आमच्याकडे जुन्या माणसांची नावं अशीच लिहिली जायची, अमका तमका, आणि फार तर वाडी. आडनाव बाबांना शाळेत घालताना गुरुजींनी लावलं, गावाच्या नावाला 'कर' जोडून. मग आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यावरही तेच आडनाव आलं, कारण तो दाखला बाबांनी काढला. आता म्हाडाच्या दृष्टीने तिकिटावरचा माणूस आणि दाखल्यावरचा माणूस हे एकच आहेत हे सिद्ध करणं आलं. ज्या आडनावाने मी आयुष्यभर स्वतःला ओळखत होतो ते आडनाव आजोबांनी जिवंतपणी कधी वापरलंच नव्हतं, हे मला सत्ताविसाव्या वर्षी त्या ट्रंकेपुढे बसून कळलं.

ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला, वारसांची नोंद, आत्यांची ना हरकत ही कामं बाबांनी केली. महिना गेला. दोन्ही आत्या सही करताना रडल्या. धाकटी म्हणाली, "घर मिळो ना मिळो, बाबांचं नाव कुठेतरी लिहिलं जातंय."

नोव्हेंबरात बाबा मुंबईला आले. मंगळवार होता. तुतारी एक्स्प्रेसने पहाटे दादर, तिथून डोंबिवली. मी त्यांना घ्यायला गेलो, चहा केला, अंथरूण घातलं. दहा वाजले तरी मी घरात. अकरा वाजले. बाबा भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "किती दिवस झाले?"

मी म्हटलं, "कशाला?"

"काम सुटून."

मी सांगितलं, पाच महिने. त्यांनी मान हलवली. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग जे बोलले ते मी आधी कधीच ऐकलं नव्हतं. १९८२ च्या मार्चमध्ये ते दहावीला बसले होते. परीक्षा झाली की मुंबईला यायचं आणि आजोबांच्या ओळखीने गिरणीत बदली म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लागायचं, असं ठरलेलं. देवरुखहून नवी पँट शिवून आणली होती. जानेवारीत संप झाला, एप्रिलमध्ये आजोबाच ट्रंक घेऊन गावाला आले. "पँट तशीच राहिली," बाबा म्हणाले. "पुढं आखूड झाली." मग उठून त्यांनी कपबशी विसळली.

त्यांनी मला धीर दिला नाही, उपदेशही केला नाही. त्या दिवसापासून मी मात्र सकाळी खोटा निघायचो तो थांबलो.

भोईवाडा कोर्टाबाहेर टायपिस्ट बसतात. तिथे प्रतिज्ञापत्र करायला गेलो. असल्या प्रतिज्ञापत्राचा मजकूर ठरलेला असतो: 'वरील दोन्ही नावांची व्यक्ती ही एकच असून...' टायपिस्टकाकांनी भराभर मजकूर उतरवला, बाबांची माहिती भरली आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "ओळख देणारं कोण?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्या माणसाला दोन्ही नावांनी ओळखणारं कुणी. नुसतं मुलानं म्हणून भागेल, पण जोडीला एखादा जुना माणूस असला तर प्रतिज्ञापत्राला वजन येतं. त्याचं आधार कार्ड आणा, सही घ्या. तुमचं कुणी असेल ना इथे? किती वर्षं आहात मुंबईत?"

शेवटचा प्रश्न त्यांनी मला विचारला होता. साडेपाच वर्षं, मी म्हटलं. आणि हातातला फोन उघडला. का उघडला माहीत नाही, कारण आजोबांना ओळखणारा माणूस माझ्या फोनमध्ये असणं शक्यच नव्हतं. पण बोट खाली सरकवत गेलो तसं दुसरंच काही दिसत गेलं. सहाशेच्या वर नावं. ऑफिसची, मेसची, ब्रोकरची, गॅसवाल्याची, टीम लीडची, टीम लीडच्या आधीच्या टीम लीडची. यातला कुणीही माझ्यासाठी 'मी यांना ओळखतो' असं लिहून सही करू शकला नसता. करायला नकार दिला असता असं नाही. पुढच्या रकान्यात 'कधीपासून, कसे' असं विचारलं असतं तर त्यांना लिहायला काही नव्हतं. मी कुणाचा, कुठल्या घरातला, मला काय आवडतं, माझ्या आईचं नाव काय, यातलं काहीही मी त्या सहाशे जणांना कधी दिलंच नव्हतं. नोकरी गेली त्या दिवशी मला वाटलं होतं की माझी ओळख त्यांनी काढून घेतली. कोर्टाबाहेरच्या त्या बाकड्यावर कळलं की त्यांच्याकडे काढून घ्यायला ती होतीच कुठे.

बाबा म्हणाले, "लालबागला जाऊया."

भोईवाड्याहून लालबाग चालत फार लांब नाही. बाबा वीसेक वर्षांत मुंबईला आले नव्हते. तरी ते पुढे आणि मी मागे. भारतमाता थिएटर आलं तेव्हा त्यांनी नुसतं बोट दाखवलं. उड्डाणपुलाखालून रस्ता ओलांडला, चिवड्याच्या दुकानांवरून गेलो, मिरच्या भाजल्याचा खाट आला तेव्हा दोघेही शिंकलो. एका ठिकाणी थबकले, कारण त्यांच्या डोक्यातल्या चाळीच्या जागी काचेचा टॉवर होता. पण पुढचं वळण बरोबर घेतलं. लाकडी जिना, दुसरा मजला, शेवटून तिसरी खोली. दारावर आमच्या गावाच्या ग्रामस्थ मंडळाची पाटी.

गिरणगावात अशा गावकऱ्यांच्या खोल्या शेकड्यांनी होत्या. गावातल्या माणसांनी वर्गणी काढून पागडीने घेतलेल्या. दहा बाय बाराची खोली आणि त्यात तीस-चाळीस माणसं, हे तेव्हा कसं जमायचं असं मी विचारलं तर बाबांनी साधा हिशोब सांगितला: तीन पाळ्या. सकाळी ७ ते दुपारी साडेतीन, साडेतीन ते रात्री १२, आणि १२ ते सकाळी ७. एक पाळी कामावर, एक बाहेर किंवा जेवायला, एक झोपलेली. ट्रंका माळ्यावर, कपडे खुंटीवर, जेवण खानावळवाल्या बाईकडे. ज्याची खुंटी त्याची खुंटी. बाबा शाळेच्या सुट्टीत इथे येऊन राहिलेले, गॅलरीत झोपलेले. साडेपाच वर्षं मी या शहरात जागेसाठी ब्रोकरच्या पाया पडत होतो, आणि आमच्या गावाची खोली माझ्या ऑफिसपासून वीस मिनिटांवर होती. बाबांनी सुरुवातीला एकदा सांगितलंही होतं. मीच म्हणालो होतो, "तिथे कोण राहतं आता?"

दार उघडं होतं. आत सात-आठ मुलं. एक डिलिव्हरीची मोठी पिशवी झटकत होता, एक जमिनीवर पालथा पडून पोलिसभरतीचं पुस्तक वाचत होता. खिडकीशी गादीवर एक म्हातारे गृहस्थ बसलेले, डोळ्याला हिरवी पट्टी. केईएममध्ये मोतीबिंदू काढायला गावाहून आले होते. बाबांना त्यांनी आवाजावरून ओळखलं. मग दुसऱ्या डोळ्याने माझ्याकडे बघत विचारलं,

"तू कुनाचा रं बाला?"

किती वर्षांनी हा प्रश्न कानावर पडला! कुठल्या कंपनीत नाही, काय करतोस नाही, पॅकेज किती नाही. तू कुणाचा? मी बाबांकडे बघितलं. बाबा गप्प. मलाच सांगायचं होतं. मी आजोबांचं नाव घेतलं, पणजोबांचं घेतलं, वाडी सांगितली आणि थांबलो. आडनाव सांगितलं नाही. ते लागणारच नव्हतं.

"वरल्या घरातला!" म्हाताऱ्यांनी हात पुढे केला आणि माझा दंड चाचपला, बैल बघतात तसा. "तुजा आजा नि मी एका खात्यात. साच्याव. दुसरी पाली. माजा साचा बिगडला की तो यायचा. त्याला आवाजावरनं कलायचं काय बिगडलंय ते."

मग ते तासभर बोलत होते. एकेका माणसाकडे दोन-दोन साचे, म्हणजे कापड विणायचे माग, असायचे आणि आवाज इतका की बोलणं ओठांवरून वाचावं लागे. आजोबा भजनात पखवाज वाजवायचे, त्यांचा हात साच्याच्या तालावर बसलेला होता म्हणून द्रुत लय कधी चुकत नसे. रात्री बाराला पाळी सुटली की खोलीपर्यंत येताना गात यायचे. संपात पहिले दोन महिने कुणी खोली सोडली नाही, मग खानावळवाल्या बाईंनी तीन महिने उधारीवर जेवायला घातलं. ती उधारी आजोबांनी गावाहून, भात विकून, दोन वर्षांनी फेडली. हे बाबांनाही माहीत नव्हतं. बाबांनी मान खाली घातली होती आणि ते चटईची काडी सोलत होते.

प्रतिज्ञापत्राचं सांगितल्यावर ते म्हणाले, "सही करतो की. पन नुसती माजी सही कशाला, वही हाय ना." त्यांनी पोलिसभरतीवाल्या मुलाला माळ्यावर चढवलं. मंडळाच्या वह्या लाल कापडात बांधलेल्या. जुन्यात जुनी १९५३ ची. त्यात १९५६ च्या पानावर आजोबांचं नाव सापडलं, पुढे वाडी, गिरणी, खातं, तिकीट नंबर. नंबर जुळला, आडनाव नव्हतं. मग १९७४ च्या वहीत, तोच नंबर, तीच वाडी, आणि नावापुढे वेगळ्या शाईने, वेगळ्या अक्षरात लिहिलेलं आमचं आडनाव. म्हणजे आजोबांनी ते कधी वापरलं नाही हा माझा समज खोटा ठरला. मुलाला शाळेत घातल्यावर त्यांनी खोलीत येऊन स्वतःच्या नावापुढे मुलाचं आडनाव लिहून घेतलं होतं. मी ती ओळ बोटाने दोनदा गिरवली.

शेवटची वही १९८२ ची. डावीकडे नावं, उजवीकडे महिन्यांचे बारा रकाने. जानेवारीच्या रकान्यात प्रत्येक नावापुढे वर्गणी: ४ रुपये, ४ रुपये, ४ रुपये. आजोबांच्या नावापुढेही ४ रुपये, तारीख ११. फेब्रुवारीपासून पुढे, सगळ्या नावांपुढे, सगळे रकाने कोरे. चाळीस माणसं, अकरा महिने. लिहिणाऱ्याने रेघासुद्धा मारल्या नव्हत्या, तसंच सोडून दिलं होतं. संपाबद्दल मी नंतर पुष्कळ वाचलं. पण संप म्हणजे काय ते मला त्या पानावर दिसलं, आणि अजून डोळे मिटले की ते पान दिसतं.

गावाच्या मंडळाची वही हा म्हाडाच्या यादीतला कागद नाही. यादीत तिकीट, लाल पास, पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, कामगार विम्याचं ईएसआयसी कार्ड असं आहे. पण चिठ्ठीवर निधीचा क्रमांक होता, तिकीट होतं, प्रतिज्ञापत्र झालं, त्यावर म्हाताऱ्यांची सही झाली. एक डोळा बांधलेला असताना त्यांनी पाच मिनिटं लावून पूर्ण नाव लिहिलं, अंगठा देत नाही म्हणाले. वहीच्या पानांच्या झेरॉक्सही मी जोडल्या. वांद्र्याला समाज मंदिरात खूप गर्दी होती, बहुतेक सत्तरीच्या पुढचे किंवा माझ्यासारखे त्यांची पोरंनातवंडं. कुणाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, कुणाच्या हातात फ्रेम केलेला फोटो, तोच पुरावा म्हणून आणलेला. रांगेत आमच्यापुढे एक आजी होत्या, त्यांच्याकडे नवऱ्याचा फक्त तिकीट नंबर होता, तोही पाठ. त्या तो सारखा पुटपुटत होत्या, विसरू नये म्हणून. काउंटरवरच्या मुलाने आमचे कागद घेतले, पोच दिली. बाबांनी पोच घडी घालून टोपीत ठेवली.

पुढे काय होईल माहीत नाही. शेलू, वांगणीकडे घरं द्यायचं सरकारने ठरवलं आहे, कामगार संघटना मुंबईतच हवीत म्हणून भांडत आहेत, आणि माझं मत संघटनांच्या बाजूने आहे. ज्या माणसांनी हे शहर विणलं त्यांच्या मुलांना कर्जतच्या वाटेवर नेऊन ठेवणं मला पटत नाही.

डिसेंबरात मी डोंबिवली सोडली आणि लालबागच्या खोलीवर राहायला आलो. आजोबांच्या नावावरचा हक्क नातवाकडे येतो, असा मंडळाचा नियम आहे. मला खिडकीजवळची खुंटी मिळाली. परळला एका हिशोबनिसाकडे काम लागलं, पगार आधीपेक्षा कमी. जागेची अडचण खरी आहे, रात्री कुणाचा तरी पाय अंगावर येतो, संडासला रांग असते. एखाद्या रविवारी मला एकटं बसावंसं वाटतं आणि बसता येत नाही. पण मला ताप आला होता तेव्हा डिलिव्हरीवाल्याने दोन फेऱ्या सोडून मला केईएमला नेलं, आणि नोंदणीच्या खिडकीवर 'सोबत कोण?' विचारल्यावर स्वतःचं नाव, माझं नाव, माझ्या आईचं नाव, रक्तगट, सगळं न अडखळता सांगितलं. बोलताना आम्ही सगळे 'पानी' म्हणतो. माझ्या तोंडी ते परत यायला दोन-तीन महिने लागले.

२०२४ चे गणपती ७ सप्टेंबरला होते. महिनाभर आधी खोलीत एसटीच्या गाडीची यादी करायला बसलो. गावाची अख्खी गाडी असते, परळहून सुटते, आगाऊ आरक्षण करावं लागतं. यादी लिहायचं काम म्हाताऱ्यांकडे, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करायला ते परत आले होते. एकेक जण सांगत होता, ते लिहीत होते. माझी पाळी आली.

मी पूर्ण नाव सांगायला तोंड उघडलं. त्यांनी वर न बघता हात केला, थांब म्हणून, आणि पेन्सिलीने लिहिलं: वरलं घर, १. मग जरा थांबून विचारलं,

"बापूस येनार हाय काय वांगडा परतीला?"

मी म्हटलं येतील, म्हाडात चौकशी करायचीय त्यांना.

परतीच्या यादीत त्यांनी लिहिलं: वरलं घर, २.